पालथं पडायची नोकरी

माझी नात बारामतीला एका दवाखान्यात नर्स आहे. मागच्या दिवाळीला घरी आली तेव्हा तिनं मला एक फोटो दाखवला. फरशीवर एक रबरी माणूस उताणा पडलेला, त्याला हातपाय नाहीत, नुसतं धड आणि मुंडकं, आणि ही बया त्याच्या छातीवर दोन्ही हात रोवून ओणवी झालेली.

"आबा, हे आमचं ट्रेनिंग. श्वास थांबलेल्या माणसाला परत कसं आणायचं त्याचं."

मी चष्मा लावून नीट पाहिलं आणि विचारलं, "हा स्वतःहून श्वास घेतो का गं?"

"रबर आहे आबा! कसा घेईल?"

"मग बरंय," मी म्हणालो. तिला वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट झाला. सणाचा दिवस होता, म्हणून मी जास्त बोललो नाही. पण त्या रबराच्या जागी एके काळी मी होतो, आणि माझ्यात एक मोठा दोष होता. मी जिवंत होतो.

पहिली निवडणूक होऊन गेली होती त्या वेळची गोष्ट. इंदापूर तालुक्यात, अंथुर्ण्याच्या पुढं, कालव्याकाठच्या एका गावात सरकारी दवाखाना होता आणि तिथं मी कंपाउंडर होतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण ज्या घराची ही गोष्ट आहे त्यांची भावकी अजून तिथं नांदते. दवाखान्यात आम्ही तिघं. डॉक्टरसाहेब, मी आणि एक शिपाई, जो बहुतेक वेळ बाभळीखाली झोपलेला असायचा. डॉक्टर पुण्याकडचे होते. गोरे, उंच, आवाज असा की रोग्याला तो ऐकूनच निम्मं बरं वाटावं. पुण्यातली आयती पेशंटं सोडून ते इथं धुळीत आले, याचं मला फार अप्रूप होतं. त्यांच्या पायाचं तीर्थ घ्यायचंच काय ते मी बाकी ठेवलं होतं. आज ते आठवलं की माझा मलाच संताप येतो, पण तेव्हाचं खरं ते खरं.

कालव्याचा मुलूख म्हणजे पाण्याचा मुलूख. ऊस वाढला, भाजीपाला वाढला, आणि बुडून मरणारेही वाढले. पाण्याची पाळी सुटली की कालवा काठोकाठ वाहायचा आणि कुणाचं ना कुणाचं पाऊल शेवाळावरून घसरायचं. कुणी बुडालं की आमच्याकडं एकच रीत होती. बाहेर काढलेला माणूस उचलायचा, पळत कुंभाराच्या घरी न्यायचा, त्याच्या चाकावर पालथा घालायचा आणि चाक हळूहळू फिरवायचं. पोटातलं पाणी तोंडावाटे पडतं आणि माणूस उठतो, असं लोक सांगत. उठलेला माणूस पाहिलेला मात्र कुणी भेटायचा नाही. तो नेहमी शेजारच्या गावातला असायचा.

डॉक्टरांनी या रीतीविरुद्ध कंबर कसली. बाजाराच्या दिवशी, जत्रेत, शाळेच्या पटांगणात ते कृत्रिम श्वासोच्छ्वासाचं प्रात्यक्षिक करून दाखवत. पुढंपुढं तालुक्यातल्या नर्सबाया, लस टोचणारे आणि कंपाउंडर यांनाही इंदापुरात गोळा करून शिकवू लागले. आणि या सगळ्या प्रात्यक्षिकांत बुडालेला माणूस मी असायचा.

जमिनीवर पोतं अंथरलेलं असे. त्यावर मी पालथा पडायचो, हात डोक्याखाली, गाल हातावर. डॉक्टर माझ्या डोक्याशी गुडघे टेकून बसायचे. दोन्ही तळवे माझ्या फऱ्यांवर, म्हणजे खांद्यामागच्या पसरट हाडांवर, ठेवून पुढं झुकायचे, मग मागं होत माझी कोपरं धरून वर उचलायचे. परत तळवे, परत कोपरं. झोका दिल्यासारखं चालायचं ते. मी श्वास रोखून गप्प पडलेला. मध्येच ते कोपर जरा दाबून धरत, ती आमची खूण. खूण मिळाली की मी खोकायचो, डोळे किलकिले करायचो आणि मी कुठं आहे असा चेहरा करून उठून बसायचो. टाळ्यांचा नुसता कडकडाट. मला त्याची चटक लागली होती, हे खोटं कशाला सांगू. नाटकात कधी काम मिळालं नाही, ती हौस तिथं भागत होती.

मग डॉक्टर ती पुण्याची गोष्ट सांगत. नदीत एक कॉलेजचा पोरगा बुडाला, सगळ्यांनी हात टेकले, आणि या दोन हातांनी त्याला परत आणलं. "डोळे उघडले आणि मला म्हणाला, चहा मिळेल का?" सगळे हसायचे. मग ते म्हणायचे, "कुंभाराचं चाक मडक्यासाठी असतं, माणसासाठी नाही." आणखी हशा. शेवटी विचारायचे, "आता तुम्हाला जमेल ना?" सगळे एका सुरात ओरडत, "जमेल!" नर्सबाया मान ताठ करून घरी जात. त्यांच्यातल्या एकीनंही श्वास थांबलेल्या माणसावर हात ठेवलेला नव्हता. ज्याच्यावर ठेवला होता तो मी, आणि मला कुणी दाबलं काय, न दाबलं काय, मी उठणारच होतो.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. शेकडो वेळा हा प्रकार माझ्यावर झाला, पण मी तो एकदाही पाहिलेला नव्हता. माझं तोंड कायम पोत्यात. मला जे काही येत होतं ते माझ्या पाठीला येत होतं, हातांना नाही. एकदा मी डॉक्टरांना म्हणालो, "साहेब, एकदा मला वरून करू द्या की." ते म्हणाले, "अर्धवट ज्ञान वाईट. वेळ आली तर तू फक्त मला बोलव. कुणाला हात लावू देऊ नकोस, चाकावर तर मुळीच नाही." मी त्यांचं वाक्य गाठीला बांधलं.

आता कुंभाराचं सांगतो. मी एकटा जीव, कुंभारवाड्यातच खोली घेऊन राहायचो. शेजारी गावचा कुंभार, त्याला सगळे तात्या म्हणत. सकाळी त्याचं चाक फिरायला लागलं की मला जाग यायची. त्याची बायको, तिला मी मावशी म्हणायचो, दोन्ही वेळा मला भाकरी द्यायची. मी नको म्हणालो तर म्हणायची, "पोराच्या दोन भाकरीत तुजी एक थापली तर काय हात झिजत्यात व्हय?" पोरगा एकुलता एक. बापाच्या हाताखाली माती तुडवायचा, गाढवं हाकायचा, मोठमोठ्यानं गाणी म्हणायचा. लग्न ठरलं होतं, अंथुर्ण्याची मुलगी होती. तात्या डॉक्टरांच्या प्रात्यक्षिकाला हमखास पुढं बसायचा, आणि चाकाचा विनोद आला की सगळ्यांत मोठ्यानं तोच हसायचा. मला म्हणायचा, "कंपौंडर, बरं झालं बाबा. नायतर कुनी बी मढं आनून माज्या चाकावर टाकतंय, आनि मग माती बाटती."

त्या दिवशी कालव्याला पाळी सुटली होती. ऊन चढायच्या आत पोरगा गाढवं पाण्यावर घेऊन गेला. एक गाढव घसरून आत पडलं, त्याच्या मागं यानं उडी टाकली. गाढव खाली पुलाजवळ चालत बाहेर आलं. पोरगा आला नाही. उसाला पाणी पाजणाऱ्या माणसांनी त्याला झाडाच्या मुळीशी अडकलेला पाहिला आणि ओढून काढला. आरडाओरडा ऐकून मी दवाखान्यातून पळत सुटलो. मी पोचलो तेव्हा तात्यानं पोराला खांद्यावर घेतलं होतं आणि तो घराकडं निघाला होता. कुंभारवाडा कालव्याला लागूनच, दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला.

मी आडवा झालो. "तात्या, हिकडं नको. दवाखान्यात!"

"चाक जवळ हाय," तो म्हणाला. ज्या चाकाला तो हसायचा तेच त्याला आता आठवलं. पोटचं पोर खांद्यावर असलं की माणसाला बापजाद्यांचंच आठवतं.

"चाकानं काय व्हत न्हाय, तात्या! तुमी सवता हसत व्हता न्हवं? डॉक्टर हायेत. त्यांनी पुन्यात उठवलाय मेलेला मानूस. माजं ऐका, माजी आन हाय तुमाला."

तो थांबला. माझ्या तोंडाकडं त्यानं बघितलं, आणि वळला. माझ्या शब्दावर वळला. आम्ही पोराला आळीपाळीनं धरून पळालो. त्याचा हात माझ्या मानेला लागत होता आणि तो गार नव्हता, हे मी आजही कुणापुढंही सांगेन.

डॉक्टर दारात उभे होते. मागं सारा गाव धावत आलेला. मला वाटलं आता हे तिथंच ओट्यावर गुडघे टेकतील. पोतं आणायला मी वळलोसुद्धा. पण त्यांनी पोराची नाडी धरली, गर्दीकडं पाहिलं, आणि म्हणाले, "आत घ्या. बाकी सगळे बाहेर." तात्यालाही बाहेर ठेवलं. मला आत घेतलं आणि दाराला कडी घातली.

पोरगा टेबलावर. मी त्याला पालथा केला, हात डोक्याखाली घातले, गाल हातावर, जसा मी पडायचो तसा. आणि डॉक्टरांसाठी डोक्याशी जागा सोडून बाजूला उभा राहिलो. ते पुढं आलेच नाहीत. सुई उकळायला स्पिरिटचा दिवा पेटवू बघत होते, आणि त्यांच्या हातातली काडी सारखी विझत होती.

"साहेब, सुरू करा की."

"इंजेक्शन देऊ आधी."

"साहेब, ते सुरू करा. पाठीवरचं."

ते माझ्याकडं वळले. त्यांचा तो आवाज कुठं गेला होता कोण जाणे. म्हणाले, "मी हे कधी केलेलं नाही रे. खऱ्या माणसावर."

"आणि पुण्याचा पोरगा?"

"तो आमच्या एका सीनियरचा किस्सा. त्यालाही कुणी सांगितलेला असेल." मग दाराकडं बघत हळूच म्हणाले, "हा गेलाय. आता आपण करायला लागलो आणि उठला नाही, तर लोक म्हणतील आपल्या हातून गेला. एवढ्या लोकांना शिकवलंय मी. मेलेलाच आणला म्हटलं की काही येत नाही आपल्यावर."

माझ्या कानशिलात कुणी मारली असती तरी इतकं लागलं नसतं. मी त्यांना ढकललंच म्हणा ना, आणि पोराच्या डोक्याशी जाऊन उभा राहिलो. तळवे त्याच्या फऱ्यांवर ठेवले. किती दाबायचं, किती वेळ थांबायचं, काही माहीत नव्हतं. माझ्या पाठीला आठवत होतं तसं करत गेलो. त्याच्या तोंडातून पाणी आलं, उसाच्या पाचटाचा एक तुकडा आला. मी ओरडलो, "साहेब, पाणी येतंय, धरा की इकडून!" ते भिंतीला टेकून उभे होते. मी दमेपर्यंत करत राहिलो. पोरगा उठला नाही.

उठला असता का, ते मला ठाऊक नाही. नात सांगते, पाठीवरून दाबायची ती पद्धत आता कुणी शिकवतही नाही. कदाचित तो कालव्यातच गेला असेल. चाकानंही काही झालं नसतं. हे सगळं मी माझ्या मनाला सांगून पाहिलंय. पण ज्यानं गावाला शिकवलं, ज्याच्या भरवशावर मी तात्याला माझी आन घातली, तो माणूस भिंतीला पाठ लावून उभा होता, हे काही केल्या पुसलं जात नाही.

मग त्यांनी तोंडावरून रुमाल फिरवला, कडी काढली आणि बाहेर गेले. त्यांचा आवाज परत आला होता, तोच खणखणीत. म्हणाले, "आम्ही शिकस्त केली. पण आणायला उशीर केलात. जवळच्या जवळ काही करायला हवं होतं."

जवळच्या जवळ! मी दारातच उभा होतो. तात्यानं डॉक्टरांकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं. मावशी खाली बसली होती. पोराला घेऊन लोक गेले आणि ओट्यावर नुसतं पाणी सांडलेलं राहिलं.

मी डॉक्टरांना विचारलं, "उशीर कुणी केला, साहेब?"

"तसं म्हणावं लागतं," ते म्हणाले. "तू अजून लहान आहेस."

त्या दिवसापासून माझी भाकरी बंद झाली. मावशीनं कधी एक वाकडा शब्द काढला नाही, फक्त मी दिसलो की ती पदर पुढं ओढून आत जायची. चाकही बरेच दिवस बंद होतं. ते परत फिरायला लागलं तेव्हा मी एका सकाळी तात्यापुढं जाऊन बसलो आणि कडीच्या आत जे झालं ते सगळं सांगितलं. तो मडक्याला थापी देत होता. त्यानं ऐकून घेतलं, मडकं उन्हात ठेवलं, दुसरं घेतलं. मी उठलो तेव्हा एवढंच म्हणाला, "तू आन घातली हुतीस." मी खोली बदलली. बदलीसाठी अर्जही केला, पण सरकारी काम, ते त्याच्या चालीनं चालतं.

आणि प्रात्यक्षिकं? ती चालूच राहिली. पहिल्यांदा मी नाही म्हणालो. त्यावर डॉक्टर म्हणाले, तू नसलास तर शिपायाला पाडेन, आणि तो पोत्यावर पडला की घोरायला लागतो. खरंच लागायचा. शेवटी मी परत पडायला लागलो. पोटाची नोकरी होती ती. पण आता पोत्यात तोंड घातलं की मला टाळ्या ऐकू येत नसत, कडीचा आवाज येई.

नरसिंहपूरची जत्रा आली. भीमा-नीरेच्या संगमावर गर्दी मावत नाही, नावा उलटायची भीती, म्हणून तिथं वाळूत आमचं प्रात्यक्षिक ठरलेलं. तालुक्यातल्या नर्सबाया पुढं बसवलेल्या, मागं जत्रेकरू. मी पालथा पडलो. डॉक्टरांनी माझ्या फऱ्यांवर हात ठेवले आणि गोष्ट सुरू केली. मला वाटलं, पुण्याची.

"मागच्याच वर्षी," ते म्हणाले, "आमच्या गावच्या कालव्यात एक कुंभाराचा पोरगा बुडाला."

मी श्वास रोखलेला होता तो रोखलेलाच राहिला.

"बाप त्याला चाकावर घालायला निघाला होता. मी अडवलं. म्हटलं, चाक मडक्यासाठी असतं. या दोन हातांनी काम केलं, असं, हे असं. आणि पोरानं डोळे उघडले. मला म्हणतो कसा, चहा मिळेल का?"

लोक हसले. माझ्या कोपराला खूण आली.

मी उठलो नाही. ठरवून नाही उठलो असं म्हणता येणार नाही, मला उठताच येईना. परत खूण आली, जोरात. मी तसाच. डॉक्टरांनी परत दाबलं, परत उचललं. हळूच म्हणाले, "ऊठ." मग, "ऊठ रे, काय झालं?" हसणं थांबलं. पुढची एक नर्सबाई म्हणाली, "अगंबाई, खरंच गेला की काय?" डॉक्टरांच्या हातांचा झोका चुकायला लागला, माझ्या पाठीला ते बरोबर कळत होतं. मी मनात म्हटलं, आता दाब, आता उठव मला. खऱ्या माणसाला उठवून दाखव एकदा. श्वास मला चोरून घ्यावा लागत होता आणि तोंडात वाळू जात होती.

गर्दी हलली. कुणीतरी वाट काढत पुढं आलं आणि माझ्या शेजारी उकिडवं बसलं. मला मातीचा वास आला, भाजलेल्या मडक्यांचा. तात्या जत्रेला मडकी विकायला आला होता, हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे त्यानंही ती गोष्ट ऐकली होती. त्याचा खरबरीत हात माझ्या मानेवर आला. माझ्या कानापाशी, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं तो म्हणाला, "कंपौंडर, ऊठ. ह्येच्या हातनं कुनी उठत न्हाय. तू तरी आपला सवताहून ऊठ."

मी उठून बसलो. तोंडावर वाळू होती, डोळे भरलेले होते, आणि तात्या पाठमोरा होऊन आपल्या मडक्यांकडं चालला होता.

"पाहिलंत?" डॉक्टर घाम पुसत म्हणाले, आणि सगळ्या वाळवंटात टाळ्या पडल्या.